आवेवरचं भाषण

२ जून, रविवार
संकल्प: यंदा ऑफिसच्या कल्याण समितीचं सचिवपद मारायचंच. सध्याचा सचिव म्हणजे आमचा स्टोअरकीपर. त्याचं कर्तृत्व काय, तर दिवसातून सतराशे साठ वेळा हात धुणं. सगळे त्याला साबणदास म्हणतात (नाव मीच ठेवलं). निवडणूक १० तारखेला, सोमवारी. त्याआधी दोन्ही उमेदवारांनी आरोग्यावर भाषण करायचं, असा साहेबांचा हुकूम. साबणदासला विषय मिळाला पाठीचा कणा. मला आवेचे जिवाणू. मैदान मारलं!

संध्याकाळी मेव्हणी तान्हीला घेऊन आली. तान्हीचं पोट बिघडलंय. लंगोट मी बदलला, वर्तमानपत्राला हात पुसले. ही म्हणाली की साबणाने धुवा. सांगितलं, साबण हे विरोधकाचं निवडणूक चिन्ह आहे. सोमवारपर्यंत शिवणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व.

३ जून, सोमवार
ही पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे, तिथलं जाडजूड पुस्तक घेऊन आली. आव म्हणजे शेम आणि रक्त पडणारे जुलाब. मुख्य आरोपी शिगेला. एका जपानी संशोधकाच्या नावावरून नाव पडलंय. काय ती कीर्ती! माझ्या नावाचा ऑफिसात साधा कपसुद्धा नाही. बाकीचे आरोपी कॅम्पिलोबॅक्टर, साल्मोनेला आणि ई. कोलायच्या काही जाती. अमीबानेही आव होते, पण तो जिवाणू नव्हे, सबब माझ्या भाषणात त्याला प्रवेश नाही.

नावं लक्षात ठेवायची युक्ती सापडली: क, सा, ई, शि. म्हणजे 'कसाई, शी!' स्वतःवरच खूश झालो.

४ जून, मंगळवार
प्रचार जोरात. प्रत्येक टेबलापाशी जाऊन हस्तांदोलन. अकाउंट्सवाल्यांशी दोन्ही हातांनी, कारण तिथे मतं जास्त.

पुस्तकात लिहिलंय की शिगेलाचे दहा-वीस जंतू पोटात गेले तरी माणूस आडवा होऊ शकतो. दहा-वीस? एवढ्यांना कोण विचारतो? आमच्या घराण्यात सगळ्यांची पोटं लोखंडी.

दुपारी पोटात कळ. कॅन्टीनच्या बटाट्यावर संशय.

५ जून, बुधवार
सकाळी पाच वेळा. शरीर आतून स्वच्छ होतंय. चेहऱ्यावर तेज आलंय असं मला वाटतं. हिला वाटतं की डोळे खोल गेलेत. साखर-मिठाचं पाणी प्या म्हणाली, आणि तपासायला नमुना द्या. भावी सचिव हातात डबी घेऊन बायकोच्या लॅबमध्ये? छे!

ऑफिसात कलिंगड नेलं. स्वतः कापलं, एकेकाला आपल्या हाताने भरवलं. मतदार विरघळले. टेलिफोन ऑपरेटर बाईंनी घेतलं नाही, त्यांना कलिंगड बाधतं. साबणदासने फोड नाकारत विचारलं की हात धुतलेत का. जळतो मेला.

७ जून, शुक्रवार
लालसर. कलिंगड असणार.

ही म्हणाली की कलिंगड परवा खाल्लंत, हे रक्त आहे, ही आव आहे, डॉक्टरकडे चला. तिला समजावलं की आवेवर माझा अभ्यास आहे. मला झाली असती तर मी ओळखली नसती का? पटलं असावं. डबी मात्र हातात ठेवली. घरात शांतता राहावी म्हणून नमुना दिला.

अकाउंट्स निम्मं रिकामं. साहेबही घरी. लोक कामचुकार झालेत. सचिव झालो की बघतो एकेकाला.

९ जून, रविवार
जुलाब थांबवायची गोळी हिच्या नकळत घेतली. आव असताना ही गोळी घेऊ नये, असं पुस्तकात आहे. पण मला आव नाही. तेव्हा प्रश्नच मिटला.

१० जून, सोमवार, सकाळी
अंगात कणकण. उत्साहाची असावी. भाषण तोंडपाठ.

१० जून, सोमवार, संध्याकाळी
सभागृहात श्रोते तीन: साबणदास, ऑपरेटर बाई आणि पंखा. बाकीचे मतदार आपापल्या घरी, आपापल्या संडासात.

तरी उभा राहिलो. 'कसाई'पर्यंत व्यवस्थित पोचलो. 'शी'पर्यंत पोचलो नाही. धावलो.

बाहेर आलो तर दाराशी साबणदास. हातात टॉवेल आणि साबण. मला वाटलं, आता हसेल. हसला नाही. म्हणाला की आधी हात धुवा, मग बसा, मी रिक्षा बोलावतो. मला रडू आलं. ताप होता म्हणून असेल. साबण घेतला. मतही त्यालाच दिलं.

११ जून, मंगळवार
डॉक्टर गोळीवरून खूप बोलले. औषध सुरू आहे. हिच्या लॅबचा निकाल आला: शिगेला. ऑफिसातल्यांच्या नमुन्यांतही तोच.

ऑपरेटर बाईंचा फोन. म्हणाल्या की 'शिगेला' कुणालाच नीट म्हणता येत नाही, म्हणून अकाउंट्सवाले त्या जंतूला आता माझ्याच नावाने ओळखतात.

हिला सांगितलं की अखेर कीर्ती मिळाली. साखर-मिठाचं पाणी पुढे करत ही म्हणाली की आठवडाभर नुसता आव आणलात, आणि अख्ख्या ऑफिसला आव लावलीत.

उत्तर सुचलं होतं. पण ही माझ्या हातातल्या पेनकडे बोट दाखवून विचारते आहे की इतके दिवस वही लिहायच्या आधी तरी हात धूत होतात का?