नेसरीचे त्रेचाळीस पाटील

सोमवार, ६ जानेवारी

त्रेचाळीस माणसं गायब! नेसरीच्या शिबिरात चौऱ्याहत्तर जणांना मोतीबिंदू निघाला होता. आज आमच्या नेत्रालयाची गाडी त्यांना कोल्हापूरला आणायला गेली आणि एकतीस जणांना घेऊन आली. यादीतच एकतीस नावं! दुपारनंतर ऑपरेशनचं टेबल रिकामं. अकरा वर्षांत असं पाहिलं नाही मी.

त्यात एक म्हातारी एसटीनं एकटीच आली. तानाबाई पाटील. एक डोळा कधीच गेलाय, उरलेल्यात मोतीबिंदू. "यादीत न्हाय म्हंजे? फारमवर माझा अंगठा हाय की." निदान तिला तरी आत घेतलं.

नेसरीच्या केंद्रावर नावं क्रांती भरते. फोनवर ती म्हणाली, "मी समदी नावं पाठवलीती, बाई." डॉक्टरांनी मला विचारलं, चूक कुणाची? मी फाडकन सांगितलं – क्रांतीची. माझ्या संगणकानं लावलेली यादी चुकते कशाला?

मंगळवार, ७ जानेवारी

क्रांतीला कामावरून काढलं. तडकाफडकी.

बुधवार, ८ जानेवारी

क्रांती आली. पिशवीतले सगळे फॉर्म माझ्या टेबलावर ओतले. बस म्हटलं तर बसली नाही. "मोजा," म्हणाली.

चौऱ्याहत्तर.

मग तिनं पाठवलेली फाइल उघडली. त्यातही चौऱ्याहत्तर! म्हणजे नावं आली होती, माझ्याकडे येऊन गळली होती. सोमवारी मी ती फाइल उघडलीसुद्धा नव्हती. तिच्याकडे बघवेना.

गळलेले कोण? त्रेचाळीसच्या त्रेचाळीस पाटील. आणि जे पाटील राहिले, ते नावाच्या पहिल्या अक्षरामागे एकेकच. 'त'चा एक तेजस्वी पाटील राहिला, त्याच्यामागे तानाबाई गेली, तुकाराम गेला. हे काय भूत आहे?

गुरुवार, ९ जानेवारी

यादी लावण्याची पद्धत दत्तोपंतांनी बसवून दिलेली. ते निवृत्त झाले, पद्धत राहिली. एकच माणूस दोनदा फॉर्म भरतो, म्हणून गाव एक आणि नावाची पहिली वीस अक्षरं एक असली तर दुसरं नाव गाळायचं. आठ वर्षं बिनबोभाट चाललं. दत्तोपंतांना फोन केला तर म्हणाले, "पद्धत बदलली नसेल तर हत्यारं बदलली असतील. एकेकाला आवृत्ती विचार, कालिंदी."

हत्यारं म्हणजे यादी लावणारे छोटे प्रोग्राम. काळ्या पडद्यावर एकेकाचं नाव टाइप करून आवृत्ती विचारायला बसले. ग्रेपनं सांगितली. सेडनं सांगितली. सॉर्टनंही. औषध विभागातल्या संगणकावरही त्यांच्या आवृत्त्या त्याच. मग ऑकला विचारलं – अक्षरं तोच मोजतो. तिथल्या ऑकनं सरळ उत्तर दिलं. माझा म्हणतो, असा पर्यायच नाही! दत्तोपंतांनी दुसऱ्या तऱ्हेनं विचारायला लावलं, तेव्हा कबूल झाला. हा ऑक तो नव्हेच. नाव ऑकचं, आत मॉक नावाचा भलताच.

दोघांनाही 'पाटील तानाबाई' मोजायला दिलं. तिथला म्हणाला तेरा – मात्रा आणि मधली जागा धरून. माझा म्हणाला सदतीस.

मराठीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा हा तीन धरतो, मधली जागा तेवढी एक. वीस मोजेपर्यंत पाटील संपतं, पुढचं जेमतेम एक अक्षर येतं. म्हणून नेसरीचे 'त'चे सगळे पाटील याच्या लेखी एकच माणूस! एका चुकीच्या मोजणीवर मी एका बाईची नोकरी घालवली.

शुक्रवार, १० जानेवारी

डॉक्टरांना सगळं सांगितलं. काही न लपवता. क्रांतीला परत घेतलं. राहिलेल्या बेचाळीस जणांना आणायला सोमवारी गाडी जाणार.

पण डॉक्टर शांत झाले नाहीत. "संगणक आपणहून बदलत नाही. कुणीतरी हात लावलाय. क्रांतीला एका दिवसात काढलं ना आपण? मग त्यालाही एका दिवसात. नाव शोधून द्या मला." मी म्हटलं, बरोबर आहे, काढलाच पाहिजे. मनापासून म्हटलं.

संध्याकाळी क्रांतीचा फोन. "तुम्ही खरं बोललासा म्हून वाचले, बाई. न्हाय तर कोण बोलतंय?" मला रडूच आलं.

शनिवार, ११ जानेवारी

संगणकात कोणी काय बसवलं, काय काढलं याची नोंद आपोआप राहते. ती आज सापडली. १९ डिसेंबर, सकाळी ११ वाजून ४०. डिस्क भरली होती म्हणून जागा करायला नको असलेलं सगळं एका फटक्यात काढलेलं. त्यातच जुना ऑक गेला आणि त्याच्या नावावर मॉक चालू लागला. काढायचं का, असं संगणकानं विचारलंही होतं. न वाचता 'हो' दाबलेलं.

खाली काढणाऱ्याचं नाव – कालिंदी.

कागद छापून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवून आले.