अंथऊचा इंटरवल

चि. अतिशय यास काकूचा आशीर्वाद.

आपली टॉकीज पाडायला मी हो म्हणत नाही, म्हणून तू पुण्याहून फोनवर चिडलास. पण बाळा, रविवारी आम्ही तिथं खेळ लावला. झाडलोट केली, सांगलीहून प्रोजेक्टर भाड्यानं आणला. दिवस कलला तसा आपल्या जुन्या डोअरकीपर नानासोंनी ऐन मारामारीत खेळ थांबवला. तुझे आजोबा थांबवायचे तस्साच, आपल्या जैन माणसांना उजेडात अंथऊ जेवता यावं म्हणून.

मला वाटलं, आताची पोरं शिट्ट्या मारतील. तर सगळी डबे घेऊनच आलेली. धनगरवाड्यातली सुलाबाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "वैनी, पिच्चरचं काय न्हाई ओ, मी तवाबी तुमच्या दशम्यांसाठीच येत हुते." लय हसलो आम्ही.

हे पत्र टाकणार नाही. वाचून तू बाजूला ठेवशील. फोनवर एवढंच सांगीन, येत्या रविवारी पोरांना घेऊन ये, दिवस मावळायच्या आत. आधी जेव. मग भरल्या पोटी मला विचार, पाडू का म्हणून.

तुझ्यासाठी दशम्या राखून ठेवणारी,
चंदनबाला काकू