नावाला ओ

६ सप्टेंबर
पोहोचलो एकदाचा. एनोकमामानं होडी संशोधन केंद्राच्या खडकाला लावली, माझं सामान उतरवलं, मागे बांधून आणलेली माझी लहान होडी तिथंच बांधली आणि म्हणाला, "भाच्या, इथं भांडायला फक्त सील आहेत. जमवून घे त्यांच्याशी."

परवा काफेमिकला सगळं गाव कॉफी-केक खात असताना मी नुकाच्या नाकावर ठोसा मारला, त्यावरून मामाचा हा टोमणा. मारला तर मारला. इवालूच्या खांद्यावर हात टाकून बसला होता. म्हणे, बायको आहे माझी. राजधानीत, नूकला, कॉलेजात असताना ती माझी होती. गेल्या हिवाळ्यात सुट्टीला गावी आली ती परतलीच नाही. मी कॉलेज अर्ध्यात टाकून मागे आलो, तर तिचं पोट दिसायला लागलेलं.

असो. केंद्र झकास आहे. लाल लाकडी घर, दोन खोल्या, तेलाची शेगडी, कपाटात चार देशांची बिस्किटं. आमच्या खाडीतला हलिबट मासा अजून किती पिढ्यांना पुरेल, ते शोधायला चार देशांनी मिळून निधी दिलाय. शास्त्रज्ञ महिनाअखेरीस जहाजानं येतील. तोवर मी 'स्थानिक भागीदार': पाण्याचं तापमान घ्यायचं, गळाला लागलेले मासे मापायचे. आमच्यातला एक माणूस हजर असल्याशिवाय कुणी पैसा सोडत नाही म्हणे, तशी अटच आहे. म्हणजे माझ्या हजेरीवर चार देश अडलेत. हे इवालूला कळायला हवं.

खिडकीतून पलीकडे गावचे दिवे दिसतात. डावीकडून तिसरा तिचा. सोबतीला तुलू आहे, अस्वलाची चाहूल लागली की भुंकणारी कुत्री. एरवी माझ्या पायावर झोपते.

१९ सप्टेंबर
काम आवडायला लागलंय. संध्याकाळी रेडिओवर अख्खी खाडी एकाच वाहिनीवर असते, त्यामुळे कुणाचं काही झाकून राहत नाही. आज त्यावर इवालू आली. गरम मोजे आहेत का, एवढंच विचारलं. मी म्हणालो, आहेत, आणि तुझ्या नवऱ्याचं नाक कसंय? मागून नुकाच ओरडला की वाकडं झालंय, पण आधीपेक्षा बरं दिसतं. सगळी खाडी हसली. मीही हसलो, च्यायला. माणूस वाईट नाही, हेच तर दुखतं.

२ ऑक्टोबर
जहाज आलं नाही. नूकच्या कार्यालयातला माणूस म्हणाला, एका देशात सरकार बदललं, त्यांनी हात आखडता घेतला. करार असा की एकानं थांबवलं की बाकीच्यांचंही थांबतं. बैठका चालू आहेत. माझ्या रेडिओचं बोलायचं बटण अडकतंय म्हणून नवीन यंत्र मागितलं, तर त्यालाही चौघांच्या सह्या हव्यात. मी शिव्या घातल्या. त्यानं शांतपणे ऐकून घेतल्या आणि म्हणाला, तू परत गेलास तरी चालेल.

मी म्हणालो, नाही जाणार. नेमकं तेव्हाच बटण मेलं. ते 'नाही' त्याला पोहोचलं की नाही, देव जाणे.

२१ ऑक्टोबर
वादळ थांबलं. माझी होडी दोर तोडून गेली. खाडीवर आता चिखलासारखं बर्फ साचलंय, त्यात होडी चालत नाही आणि कुत्र्यांची गाडीही नाही. रेडिओवर सगळं ऐकू येतं, बोलता काही येत नाही.

आज ऐकलं: माझी होडी नुकाला गावच्या किनाऱ्यावर उलटी सापडली, आत माझा कोट अडकलेला. मामानं नूकला विचारलं. कार्यालयानं सांगितलं, निधी थांबला त्या दिवशीच केंद्र बंद झालं, तिथं कुणी नाही, पोरगा तेव्हाच निघाला असणार. बायका रडायला लागल्या.

मी इथं बसून रेडिओला लाथा घालतोय.

दिवा घेऊन खडकावर गेलो, हात दुखेपर्यंत हलवला. त्यांनी पाहिला. पलीकडचे दिवे एकामागून एक विझत गेले. डावीकडून तिसरा सगळ्यांत शेवटी.

२२ ऑक्टोबर
दिवे का विझले ते कळलं. आमच्याकडे मन मोडलेला माणूस कधीकधी डोंगरात निघून जातो, आणि मग तो माणूस राहत नाही. किवित्तोक म्हणतात त्याला. त्याच्याशी बोललं, त्याला उजेड दाखवला, की तो घरात शिरतो. म्हातारी बिबियाना रेडिओवर सांगत होती, पोर बुडालं नाही, वेडं डोंगरात गेलं आणि आता बंद घरात दिवा लावून बसलंय, पडदे ओढा. मामानं तिला झापलं.

पण पडदा त्यानंही ओढला.

३० ऑक्टोबर
इवालूला मुलगा झाला. हेलिकॉप्टर येऊ शकलं नाही, गावच्या नर्सनंच सोडवली.

नाव सालिक ठेवलंय. माझं नाव.

गेलेल्याचं नाव आमच्यात पुढच्या बाळाला देतात. नावाबरोबर तो माणूस परत येतो. नुकानंच सुचवलं म्हणे. मामा त्या एवढ्याशा गोळ्याला भाच्या म्हणाला. मग इवालू बोलली, साऱ्या खाडीला ऐकू जाईल असं:

"सालिक, आलास ना रे घरी? आता कुठं जायचं नाही हं."

या वाक्यासाठी मी कॉलेज सोडलं होतं.

पण मी जिवंत आहे. जिवंत माणसाचं नाव कुणी कधी दिलंय?

३ नोव्हेंबर
खडकावर जाऊन ओरडलो. मी सालिक, मी इथं आहे. घसा फाटेस्तोवर. आत आलो तर रेडिओवर धावपळ. बाळाचा श्वास अडकला, निळं पडलं. मग सावरलं.

वारा होता. गावापर्यंत आवाज जाणंच शक्य नाही.

५ नोव्हेंबर
पुन्हा ओरडलो. खात्री करायला. इतका नीच आहे मी.

पुन्हा निळं. नर्सला काही समजेना. इवालूचं ते रडणं —

आता नाही. कधीच नाही.

१८ नोव्हेंबर
सूर्य गेला, आता नवीन वर्षातच उगवेल. भूक लागत नाही. शेगडी विझली होती, मला कळलंच नाही. तुलू जवळ येत नाही. मी हात पुढे केला तर दात दाखवते.

२७ नोव्हेंबर
तुलू गेली. नव्या बर्फावरून, गावाकडे. शीळ घातली. वळून पाहिलं तिनं — परक्याकडे पाहावं तसं.

बर्फ कुत्रीला पेलतं, म्हणजे लवकरच मलाही पेलेल. चालत जाईन. दार ठोठावीन. बघा, हाताला हात लावून बघा —

मग नाव कुणाचं? नुसतं ओरडलो तर ते निळं पडतं. समोर जाऊन उभा राहिलो तर —

९ डिसेंबर
बाळ हसलं. नुका दिवसभर रेडिओवर तेच सांगत होता, वेड्यासारखा.

बर्फ पक्कं झालंय. मी गेलो नाही. नाव लिहून बघावं म्हटलं, कागदावर, नुसतं — पेन्सिल टेकवली आणि थांबलो. लेकराच्या तोंडचा घास ओढावा तसं वाटलं.

१७ डिसेंबर
निधी सुटला. चौथ्याच्या जागी दुसरा देश आला. केंद्र उघडायचं, स्थानिक भागीदार नुका. उद्या मामा कुत्र्यांची गाडी घेऊन येतोय. इवालूही. माझं काहीतरी हवंय तिला, बाळाच्या पाळण्यात ठेवायला.

मी त्यांच्याआधी निघणार. डोंगरात. त्यांना वाटतं तिथंच.

१८ डिसेंबर
कुत्री ऐकू येताहेत. निघायला हवं होतं — पाय निघाला नाही. एकदाच बघतो. मागच्या खोलीत आहे, दाराआड, अंधारात.

ती आत आली. मामा बाहेरच. माझ्या बिछान्यावरून हात फिरवतेय. इतकी जवळ —

तिनं हाक मारली. नावानं. हळू.

ओ द्यायची नाही. तोंड दाबून धरलंय, दुसऱ्या हातानं लिहितोय. जा ना, इवालू. जा —

पाठीवर बाळ आहे. कातड्यात गुंडाळून आणलंय तिनं त्याला. तिच्या खांद्यावरून बघतंय. फटीतून, सरळ माझ्याकडे. हसतंय. ओळखतं ते मला —

तिनं पुन्हा हाक मारली. आणि आम्ही दोघांनीही ओ —