धुतलेली टरफलं

प्रिय बाळा,

तुझा फोन आला की मला काही सुचत नाही आणि ठेवला की सगळं आठवतं, म्हणून हे पत्र. अक्षर वाकडंतिकडं आलंय, हसू नकोस. हल्ली पेन बोटांत नीट ठरत नाही.

तू बसवून दिलेलं पिंप छान चाललंय. गल्लीच्या टोकाचे ते जुन्या बॅटऱ्या वितळवणारे अजून आहेतच, त्यामुळे विहिरीचं पाणी आम्ही तुझ्या शेंगांच्या टरफलांतून गाळूनच घेतो. जाताना तू बजावलं होतंस, "आई, ही टरफलं पाण्यातलं शिसं धरून ठेवतात. भरली की डब्यात बंद करून ठेव. त्यांना आंबट काही लागू देऊ नकोस, धरलेलं सगळं सोडून देतील." तुला वाटलं असेल, पालथ्या घड्यावर पाणी. पण मी शब्द न् शब्द लक्षात ठेवला. आंबटाने सोडतात ना? मग टाकायची कशाला? लिंबं पिळून चांगली खळखळून धुते आणि पुन्हा पिंपात भरते. तांब्याची भांडी मी काय वेगळी घासते? तुझ्या कॉलेजात सांग, आमच्या आईचा शोध आहे म्हणून.

ते धुतलेलं पाणी कोंबड्यांना ठेवते. काचेसारखं स्वच्छ दिसतं, आणि एवढी लिंबं वाया घालवणं माझ्या जिवावर येतं. कोंबड्या तरी कशा शहाण्या झाल्यात! कलकलाट नाही, एकमेकींना टोचणं नाही. भिंतीकडे तोंड करून दिवसभर बसून असतात. बोलावलं तर मान वाकडी करून, माझ्या मागे कुणी उभं असल्यासारखं बघतात. मी वळून पाहिलं, कुणी नव्हतं. शेजारीण आता आमच्या अंगणात पाय टाकत नाही. म्हणते, तुमच्याकडे फारच शांत वाटतं. तिच्या पोटात दुखतं, दुसरं काय.

तुझ्या बाबांचं मनगट लुळं पडलंय, हातातून कप सुटतो. मी म्हणते वय झालं, ते म्हणतात पाण्याची चव बदललीये. जन्मभर माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवली, आता पाण्यालाही. परवा दुपारभर तुझ्या आजीशी बोलत बसले होते. तिला जाऊन किती वर्षं झाली! मी आपला तिचाही चहा टाकला. वाद कोण घालणार?

आता खरं कारण सांगते. सूनबाई बरी होऊन हॉस्पिटलातून घरी आली, जीव भांड्यात पडला. पण महिनाअखेरीस तू तिच्या आजारपणात इथे ठेवलेल्या तुझ्या लेकीला, छकुलीला, न्यायला येणार म्हणालास. येऊ नकोस रे. राहू दे तिला थोडे दिवस माझ्याजवळ. तुम्ही सगळे गेल्यापासून हे घर मला खायला उठायचं. आली तेव्हा आईसाठी किती आकांत करायची, आता नावही काढत नाही. टरफलं धुऊन भरली की पिंपातून पहिलं पाणी जरा आंबटसर उतरतं. तिला तेच आवडतं, पेला घेऊन नळाशी बसून राहते. काल तुझा फोटो दाखवला तर म्हणाली, हा कोण? लहान आहे, विसरते. आत्ता अंगणात कोंबड्यांच्या शेजारी बसलीये, भिंतीकडे तोंड करून. मघापासून हाका मारतेय मी. इतकी शहाणी झालीये बाळा, अजिबात आवाज करत नाही.

तुझीच,
आई