एक मिनिट दहा सेकंद

रविवार, ३ मार्च

बेशुद्ध पडलेल्या माणसाला मी आज पिवळं कार्ड दाखवलं!

जमेल तसं लिहितो. पाहुण्या संघाचा नऊ नंबर — सगळी लीग त्याला नाटक्या म्हणते, तोही हसून ओ देतो — पेनल्टीच्या चौकटीत घुसला आणि पडला. समोरच्याचा पाय त्याच्यापासून चांगला हातभर लांब होता. मी स्वच्छ पाहिलं. दोन्ही हात पुढे केले — खेळ चालू! चेंडू पार दुसऱ्या टोकाला गेला, मीही मागे पळालो. चेंडू बाहेर गेला तेव्हा वळून बघतो तर स्वारी अजून आडवीच.

डोकं फिरलं. बावीस वर्षांत मला याच्याइतकं कुणी छळलेलं नाही. मागच्या मोसमात याच्याच एका पडण्यावर मी पेनल्टी दिली आणि पुढे महिनाभर लोकांनी माझी टर उडवली. धावत गेलो, कार्ड काढलं, म्हटलं, "ऊठ. नाटक पुरे." मग वही काढली. नंबर लिहिला. मिनिट लिहिलं. कारण लिहिलं — फसवणूक. तो माझ्या बुटांपाशी पडलेला आणि मी सुवाच्य अक्षरात लिहीत उभा!

यजमानांचा गोलकीपर ओरडत आला, "अहो सर, लिहिताय काय? त्याचे डोळे बघा!"

तो गोलकीपर अग्निशमन दलात नोकरीला आहे. त्यानेच छाती दाबायला घेतली. अँब्युलन्स येईपर्यंत दाबतच राहिला. मी शिट्टी तोंडात धरून उभा. वाजवायची की काढायची, तेसुद्धा सुचेना.

हिने दार उघडून नेहमीसारखं विचारलं, "कोण जिंकलं?" मी सरळ आत जाऊन मोरीत बसलो.

सोमवार, ४ मार्च

अजून बेशुद्ध. हृदयविकाराचा झटका. वय एकतीस!

कामावर गेलो. वजनमापांचा निरीक्षक मी, माझं काम दुकानांतले काटे तपासायचं. आज एका किराणावाल्याचा काटा दहा ग्रॅमने खोटा निघाला. त्याला चार शब्द सुनवायचे तर तोंडच उघडेना. "साहेब, बरं नाही का?" असं त्यानेच विचारलं आणि स्टूल पुढे केलं.

दुपारी लांब्याचा फोन. रविवारी डावीकडे लाईनमन होता तो. पंधरा वर्षं माझ्याबरोबर झेंडा धरतोय, शब्द तोलत बसायची त्याला सवय नाही.

"अहवाल दिलास?"

"उद्या देतो."

"लिही, खेळाडू पडला, मी लगेच शिट्टी मारली. बास. मीही तेच सांगेन. कॅमेरा कुठे होता तिथे?"

"पण मला वेळ माहीत आहे रे."

"तुला माहीत आहे म्हणजे जगाला सांगायलाच पाहिजे का? वरच्या लीगच्या रेफरींची यादी पंधराला लागतेय, विसरलास काय?"

विसरतोय कसला! चव्वेचाळीस चालू आहे. पंचेचाळिशीनंतर वर कुणाला घेत नाहीत. म्हणजे यंदा नाही तर कधीच नाही.

मंगळवार, ५ मार्च

अहवाल दिला.

कुणी पेनल्टीसाठी पडलं की घड्याळ बघायची, ही माझी जुनी खोड. तो पडला तेव्हा साठ मिनिटं चौदा सेकंद. वहीत मिनिट लिहायला पुन्हा बघितलं, तेवढ्यात गोलकीपर ओरडला — एकसष्ट मिनिटं चोवीस सेकंद. मधलं एक मिनिट दहा सेकंद तो पडून होता आणि मला वाटलं नाटक करतोय. हेच लिहिलं. कार्ड मागे घ्यावं असंही लिहिलं. पाच वेळा कागद फाडला.

हिला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, "पाठवा. नाहीतर पुढची वीस वर्षं तुमचं हेच तोंड मला बघायला लागेल."

बुधवार, ६ मार्च

अजून बेशुद्ध.

शनिवार, ९ मार्च

हॉस्पिटलात गेलो. अतिदक्षता विभागाबाहेर त्याची बायको बसली होती. मांडीवर त्याचे बूट, प्लॅस्टिकच्या पिशवीत. मी कोण ते सांगितलं, तर ती उठून उभीच राहिली.

"म्हणजे तुम्हीच ते रेफरी! सगळ्यांत आधी तुम्ही पोचलात ना यांच्यापाशी? कसे उपकार फेडू हो तुमचे!"

अंगावर उकळतं पाणी पडलं असतं तर बरं! गप्प बसता आलं असतं. निघूनही येता आलं असतं. पण सांगितलं. कार्डाचं, वहीचं, सगळं.

ती खाली बसली. म्हणाली, "घरीसुद्धा असेच पडतात. भांडी घासायची पाळी आली की पाय धरून लोळण! मुलगी खदाखदा हसते." आणि हसता हसता रडायलाच लागली. माझे हात नुसते लोंबत होते.

डोळे पुसून तिने विचारलं, "किती वेळ पडून होते?"

सांगितलं. सेकंदांसकट.

ती उठून आत निघून गेली. पिशवी बाकावरच राहिली. नर्सच्या हाती देऊन आलो.

शुक्रवार, १५ मार्च

यादी लागली. मी नाही.

रेफरी समितीच्या अध्यक्षांनी खोलीत बोलावलं. चहा मागवला, तेव्हाच कळलं. "तुमच्याइतका काटेकोर माणूस आमच्याकडे नाही," म्हणाले. "पण एवढं खरं लिहायची हौस कशाला हो? आता आमचेही हात बांधले गेले." सध्या मला खालच्या लीगचे सामनेसुद्धा नाहीत. चौकशी होईपर्यंत घरी.

बाविसाव्या वर्षी, पहिल्या सामन्यात, हरलेल्या संघाने माझ्या सायकलची हवा सोडली होती. सहा किलोमीटर ढकलत घरी आलो आणि तरी खूश होतो. कारण निर्णय बरोबर होता! निर्णय बरोबर असला की मला गाढ झोप लागते, मग कुणी आईबहिणीवरून का ओरडेना. आता बारा दिवस झाले, धड झोप नाही.

लांब्या येऊन बसून गेला. "मूर्ख आहेस तू," म्हणाला. जाताना पाठीवर जोरात थाप मारली.

सोमवार, १८ मार्च

शुद्धीवर आला! हॉस्पिटलातून त्याच्या बायकोचाच फोन. आवाज कोरडा, पण फोन केला. मी स्वयंपाकघरात जाऊन हिला नुसता मिठी मारून उभा राहिलो. हातातलं उलथनं सांभाळत ती म्हणाली, "अहो, करपतंय!" आणि रडली.

शुक्रवार, २२ मार्च

त्याने बोलावलं म्हणून गेलो. बायकोला पाणी आणायला पाठवलं आणि मला जवळ बसवलं. आवाज अगदी बारीक झालाय.

"सर, मी खोटाच पडलो होतो. कार्ड बरोबर होतं तुमचं."

कबूल करतो, छातीवरचा धोंडा उतरला. हसूच आलं मला. तोही हसला.

मग म्हणाला, "पण उठायला गेलो तर उठवेचना. छातीत कळ आली. ओरडायला गेलो, तर आवाज फुटेना. सगळं दिसत होतं, ऐकू येत होतं. आणि तेवढ्यात तुम्ही माझ्याकडे धावत येताना दिसलात. वाटलं — चला, सरांना कळलं."