डोळ्याचं दुखणं आणि छातीचा फोटो

मानपाडा, डोंबिवली

सौ. शेवंतीस, दौलतचा भरभरून आशीर्वाद.

फोनवर तू रडतेस, म्हणून लिहितोय. मी ठणठणीत आहे. संचिता आणि जावईबापू मला पाणीसुद्धा उठून पिऊ देत नाहीत.

डाव्या डोळ्याची पापणी पडते म्हणून आलो, तर डॉक्टरांनी छातीचा सीटी स्कॅन सांगितला. मी म्हटलं, "साहेब, डोळा वर आहे." ते म्हणाले, "काका, छातीच्या हाडामागे थायमस नावाची ग्रंथी असते. तिच्यात गाठ असली तर कधीकधी पापणी अशी पडते."

मशीनवर झोपवून इंजेक्शन दिलं आणि कमरेखाली सगळं गरम झालं. मला वाटलं, झाली! तिथल्या मुलीची माफीच मागितली. ती हसत म्हणाली, "काका, या औषधाने सगळ्यांना तसंच वाटतं. चादर कोरडी आहे."

स्कॅनमध्ये लिंबाएवढी गाठ दिसली. पसरलेली दिसत नाही, काढता येईल, असं डॉक्टर म्हणतात. सोमवारी ऑपरेशन आहे.

तुझा गुडघा कसा आहे? म्हैस व्याली का?

संचिता फोन करेल आणि सांगेल, "आई, तू यायची गरज नाही, बाबाच म्हणाले." म्हणालो खरा. पण तू ऐकू नकोस. ये.

तुझी वाट बघणारा,
दौलत