आकारामच्या दुधातील चूर्णाविषयी

प्रति,
मा. औषध निरीक्षक,
जिल्हा कचेरी, सातारा.

विषय : मेंदूचा पौष्टिक आहार म्हणून विकल्या जाणाऱ्या चूर्णाची तातडीने तपासणी होणेबाबत.

संदर्भ : गेल्या सोमवारी अर्जदार आपल्या दारापर्यंत आला व संकोचाने परत फिरला, ती भेट.

महोदय,

विनंतीपूर्वक अर्ज करतो की, माझा धाकटा भाऊ आकाराम, वय चौदा, हा जन्मापासून निराळा आहे. तो बोलत नाही. विहिरीवरचे इंजिन सुरू झाले की त्याच्या सुरात सूर मिसळून गुणगुणतो आणि आनंद झाला की हात फडफडवीत बांधावरून धावतो. यावर औषध नाही, मायेने सांभाळा, असे डॉक्टरांनी पूर्वीच सांगितले आहे.

२. श्रावणात सांगलीकडील एका फिरत्या विक्रेत्याने, हे औषध नव्हे, मेंदूचे खाद्य आहे, असे सांगून वडिलांना हे चूर्ण दिले. आई ते रोज आकारामला दुधातून पाजते. डब्यावर घटकांची नोंद नाही. तेव्हापासून आकाराम शांत आहे. गाव म्हणते, गुण आला. वडील फौजेतून निवृत्त झालेले. पोराला शिस्त लागली याचे त्यांना समाधान आहे. परंतु महोदय, त्याला सावलीत बसविले आणि सावली सरकली, तर तो उन्हातच राहतो. इंजिन चालू असते, तरी विहीर मुकी वाटते.

३. चूर्णात काय आहे हे कळावे म्हणून मी स्वतः एक चमचा घेतला. त्या दुपारी मला कशाचीच भीती वाटली नाही. आकारामची काळजीही वाटली नाही. आम्ही दोघे शेजारी बसून होतो आणि दोघांच्याही तोंडावरची माशी कोणी हाकलीत नव्हते. दुसऱ्या सकाळी भीती परतली, तेव्हा हरवलेले जनावर आपणहून दावणीला आल्यासारखे वाटले.

४. ही हकिकत मी आईस सांगितली, हे चुकले. ती म्हणाली, "तूबी माणसांत मिसळत न्हाईस रं. निवांत बसला हुतास, लय बरं वाटलं बघून." उद्यापासून ती मलाही समोर बसवून ते दूध पाजणार आहे. तिच्या मनात माया आहे. म्हणूनच माझ्याने नाही म्हणवणार नाही.

५. तरी सोबतच्या पुडीची तपासणी करून वडिलांस लेखी कळवावे. सरकारी शिक्का ते मानतात. विलंब झाल्यास, तक्रार मिटली, आम्ही दोघे भाऊ सुखात आहोत, असे पत्र माझ्याच अक्षरात आपणाकडे येईल. ते कृपया ग्राह्य धरू नये.

आपला नम्र व अद्याप भ्यालेला,
कृष्णात हंबीरराव घार्गे
औंध, ता. खटाव
दि. ४ ऑक्टोबर १९७६

सोबत : चूर्णाची पुडी एक. (चव घेऊन पाहू नये.)